टीव्हीवर पेटलेलं बेळगाव आणि आमच्या वाट्याचे पावणेदोन दिवस

शहापूरकर | रविवार, ११ डिसेंबर २०२२

आठवडाभर रात्रीची जेवणं टीव्हीसमोर झाली. बायको म्हणाली, घरात बडबडण्यापेक्षा कुठंतरी लिहून मोकळे व्हा. म्हणून हा धागा.

बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात, हा जुना सीमाप्रश्न परत तापला. मंगळवारी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर कन्नड संघटनेच्या लोकांनी महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक केली. वाईटच झालं, त्यात दुमत नाही. संध्याकाळी मराठी चॅनेल लावलं तर एकच दृश्य. ट्रकवर चढलेली माणसं, झेंडे, फुटलेली काच, ओढत नेणारे पोलीस. मग परत ट्रकवर चढलेली माणसं. एक भाकरी संपेपर्यंत मी मोजलं, अकरा वेळा. खाली लाल पट्टी: 'बेळगाव पेटलं'. हिरेबागेवाडी म्हणजे धारवाडच्या वाटेवर, इथून पंधरा-वीस किलोमीटर. त्याच वेळी माझा मेहुणा खडेबाजारात कुंदा बांधून घेत होता आणि सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होता. आमच्याकडं पेटलं म्हणायचं तर तेवढंच.

साडेनऊपर्यंत पुण्याचा साडू, ठाण्याची आत्या, सगळ्यांचे फोन येऊन गेले. आत्या म्हणाली, दारं लावून बसा. म्हटलं, आत्या, दार उघडं आहे, गल्लीत पोरं क्रिकेट खेळायलेत. तर म्हणते, "मग टीव्हीवाले खोटं दाखवतील का रे?"

बुधवारी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलेलं, शरद पवारांनी हल्ले थांबवायला दिलेली मुदत, लोकसभेत सुप्रिया सुळे. महाराष्ट्राची एसटी इकडं यायची बंद. हे सगळं आमच्या नावानं चाललेलं. गुरुवारी गुजरातचा निकाल लागला, भाजपला १५६ जागा, आणि बेळगाव खालच्या पट्टीत गेलं. शनिवारी पिंपरी-चिंचवडला चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली, पट्टीतूनही गेलं. आज दिवसभर समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटर, ड्रोनमधून. पेटलेलं बेळगाव विझवलं कुणी, हे मात्र एकाही अँकरनं सांगितलं नाही.

एसटी बंद झाल्याची बातमी काय, तर 'कर्नाटकला सडेतोड उत्तर'. त्या उत्तरात माझी सासू कोल्हापुरात अडकली. गुडघा दाखवायला गेलेली, वय ७२. कागलपर्यंत वडापची जीप, तिथून निपाणीपर्यंत दुधाच्या टेंपोत पुढच्या सीटवर, पुढं इकडची बस. घरी आल्यावर पाय शेकताना विचारते, "उत्तर कुणाला दिलं म्हणे?"

दगड पडला की आम्ही यांना दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीचा पूर दिवसरात्र दाखवला, दाखवायलाच हवा होता. तेच वेदगंगा-दूधगंगेचं पाणी निपाणी-चिकोडीकडच्या मराठी गावांत शिरलेलं. कॅमेरा कोगनोळीच्या नाक्यावरनं मागं फिरला. माझं मत: असल्या बातम्या दाखवण्यापेक्षा आमच्याबद्दल काहीच दाखवू नका. तुमचं काय?

---

खानापूरची

काका, तुमचा राग कळतो. पण खडेबाजारात कुंदा मिळत होता म्हणून काही झालंच नाही, हे पटत नाही.

माझा भाऊ इचलकरंजीच्या मालकाची गाडी चालवतो. एमएच ०९. मंगळवारी बेंगळूरहून परत येत होता. कित्तूरच्या अलीकडं एका पंपावर दोन रात्री काढल्या. नंबरप्लेटवर चिखल थापला होता, तो फोटो पाठवला मला. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा, रात्रभर केबिनमध्ये अंग आखडून बसलेला. तुम्ही अकरा वेळा मोजलेली ती काच कुणाची तरी आहे. ती अकरा वेळा दाखवली नसती तर त्या नाक्यावर बंदोबस्त वाढला असता का?

---

शहापूरकर

ताई, भाऊ सुखरूप पोचला ना? ते आधी सांगा.

आणि तुम्ही सांगितलेली ही चिखलाची गोष्ट मला एकाही चॅनेलवर दिसली नाही. माझं भांडण तेवढंच आहे. पंपावर थांबलेल्या ड्रायव्हरशी बोलायला कुणी गेलं नाही. स्टुडिओत सहा चौकोन, सहाही जण मुंबई-पुण्याचे, आणि बेळगावचा म्हणून जो नकाशा मागं लावला त्यात गोल हुबळीच्या आसपास.

---

खानापूरची

पोचला, गुरुवारी. नकाशाचं मान्य.

---

निपाणीवाला

आमच्या घरात दोन टीव्ही. खाली बाबा मराठी चॅनेल बघतात, वर भाडेकरू कन्नड. बुधवारी मी जिन्यात उभा होतो, दोन्हीकडचा आवाज येत होता. खाली हिरेबागेवाडीची काच. वर पुण्यातल्या काळ्या फासलेल्या बस, त्याही गोल गोल फिरवून, आणि अँकर इकडच्याच तारेत ओरडायलेला. कन्नड कळत नसतं तर मला वाटलं असतं एकच कार्यक्रम चाललाय.

भाडेकरू खाली आला आणि बाबांना म्हणाला, "मामा, ह्यापेक्षा मॅच लावा की." साकु म्हणजे साकु, पुरे म्हणजे पुरे.

---

मूळ बेळगाव, सध्या पुणे

शहापूरकर, 'काहीच दाखवू नका' हे फार सोपं आहे हो. माझे वडील काळ्या दिनाच्या फेरीत चालायचे, दर १ नोव्हेंबरला, न चुकता. १९५६ मध्ये त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, त्याला ६६ वर्षं झाली. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्रात यायला हवीत अशी ८६५ गावं, असं आपण म्हणतो. इथं पुण्यात माझ्या ऑफिसात त्यातल्या पाच गावांची नावं सांगू शकणारा माणूस नाही. या आठवड्यात पहिल्यांदा मला लोकांनी विचारलं, नेमकं काय प्रकरण आहे ते. बेळगाव तिकडंच ठेवा म्हणणारा महाजन आयोग म्हणजे काय, तो महाराष्ट्राला मान्य का नाही, हे मी चहाच्या टपरीवर अर्धा तास समजावत होतो.

शुक्रवारी महाराष्ट्राचे खासदार अमित शहांना भेटले. गोंगाट झाला म्हणूनच भेटले. न ओरडणाऱ्या पोराला आईसुद्धा पाजत नाही. तुम्हाला गोंगाटाचा त्रास होतो, मला शांततेची भीती वाटते.

---

अनगोळचा

मूळ बेळगाव साहेब, मान ठेवून बोलतो. तुम्हाला टपरीवर अर्धा तास मिळाला, छान. आम्हाला इथं सोमवारी कामावर जायचंय. माझा सुपरवायझर कन्नड, हाताखालची निम्मी पोरं मराठी. इतर दिवशी आम्ही दोन्ही भाषा मिसळून बोलतो, शिव्यासुद्धा मिसळून. त्या दोन दिवसांत डब्याला वेगवेगळे बसले सगळे. कुणी कुणाला काही बोललं नाही. फक्त मोबाइलवर ज्याचं त्याचं चॅनेल.

आणि गोंगाट करायचाच तर कशाचा, ते सांगतो. ज्या भागात १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळाले पाहिजेत, ही मागणी माझ्या आज्ज्यापासूनची. माझ्या आईला शेताचा उतारा वाचता येत नाही. तिचं नाव कुठल्या ओळीत आहे तेवढं तिनं पाठ केलंय, वरून चौथी ओळ. मागच्या वर्षी छपाई बदलली, ओळ सरकून पाचवी झाली, तर बाई दोन दिवस जेवली नाही, नाव उडालं म्हणून. ह्यात काच फुटत नाही, त्यामुळं कॅमेरा यायचा नाही.

---

मूळ बेळगाव, सध्या पुणे

उताऱ्याचं वाचून गप्प झालो. पण हे बघा, उतारा कन्नडमध्येच का येतो, या प्रश्नाच्या मुळाशी गेलात की सीमाप्रश्नच लागतो. तुम्ही आणि मी एकाच भांडणात आहोत.

---

अनगोळचा

भांडण एकच असेल, पण हप्ता माझा जातो.

---

कॅम्पातली

आई कन्नड, वडील मराठी. माझ्याकडं दोन्ही बाजूंचे फोन येतात, मंगळवारी हुबळीचा मामा आणि कोल्हापूरचा काका दोघंही म्हणाले, 'तिकडच्यांपासून जपून राहा.' तिकडचे म्हणजे आमच्याच घरातलं कोण, ते दोघांनीही सांगितलं नाही.

शहापूरकर, एका बाबतीत मी तुमच्या विरोधात. सगळा दोष चॅनेलवर ढकलू नका. दगड मारणारे कॅमेरा आल्यावर ट्रकवर चढले, तसंच पुण्यात काळं फासणारे कॅमेरा येईपर्यंत डबा हातात धरून थांबले असतील. आणि आपण भाकरी हातात धरून अकरापर्यंत मोजत बसलो. रिमोट तुमच्याच हातात होता ना?

---

शहापूरकर

रिमोट सासूच्या हातात असतो. ती कोल्हापुरात होती म्हणून माझ्याकडं आला, ही माझी चूक नाही.

बरं, मान्य. 'काहीच दाखवू नका' हे रागात लिहिलं. पूर दाखवा, उतारा दाखवा, पंपावरचा ड्रायव्हर दाखवा. १९ तारखेपासून इथं सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आहे, परत त्या चॅनेलवाल्यांच्या छत्रीवाल्या गाड्या येऊन उभ्या राहतील. त्यांच्यातल्या एकाला जरी अनगोळला धाडता आलं तर बघतो. आई बोलतील का कॅमेऱ्यासमोर?

---

अनगोळचा

आई चहा करून देईल, बोलायची नाही.

---

निपाणीवाला

वाद चालू दे, एक काम होतं. एसटीचा पत्ता नाही अजून. उद्या सकाळी कोल्हापूरला कोण जायलंय का? बाबांचे रिपोर्ट आणायचेत.

---

शहापूरकर

मी जातोय, सासूची पिशवी तिथंच राहिली दवाखान्यात. साडेसातला निपाणी स्टँडसमोर उभा राहा. गाडी केए २२ आहे. कागलच्या पुढं काचेकडंला तू बसायचंस.