खोल सिंक घेण्याआधी भिंतीतला पाइप मोजा

सिंक जितकं खोल तितकं चांगलं, मोठी पातेली मावतात आणि पाणी अंगावर उडत नाही, असं स्वयंपाकघरासाठी सिंक निवडताना बरेच जण सांगतात. ते पटतं. गेजबद्दल, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या मापाबद्दल, सांगतात तेही बरोबर आहे, आकडा लहान तितका पत्रा जाड, म्हणून १८ पेक्षा १६ गेज बरं. पण सांडपाण्याच्या पाइपाचा विषय कुणी काढत नाही, आणि माझी फसगत नेमकी तिथेच झाली. जुनं सिंक ७ इंच खोल होतं, मी हौसेने १० इंची आणलं. त्यामुळे खालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) ३ इंच खाली उतरला आणि भिंतीतल्या पाइपाचं तोंड त्याच्यापेक्षा वर राहिलं. प्लंबरने लवचीक पाइप वर वळवून कसाबसा जोडला. त्या चढावर पाणी तुंबून राहायचं, खरकट्याचा गाळ बसायचा, सकाळी ओट्याखालचं दार उघडलं की भपकारा यायचा. शेवटी भिंत फोडून तोंड खाली घ्यावं लागलं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी ओट्याच्या वरच्या कडेपासून भिंतीतल्या पाइपाच्या तोंडाच्या मध्यापर्यंत टेप लावा. त्यातून सिंकची खोली वजा करा. उरलेल्या जागेत जाळीची कपलिंग (सिंकच्या तळाच्या भोकात बसणारा जोड) आणि ट्रॅप बसून पाइपाला भिंतीकडे उतार मिळायला हवा. सिंक ओट्याच्या खालून बसवणार असाल तर दगडाची जाडीही वजा करा, ती हमखास विसरली जाते. कपडे धुण्याच्या खोलीतलं टब-सिंक तर आणखी खोल असतं, तिथे हे आधी बघाच.