आधी खुंट्या, मग नोटीस?

पेडणेकर१२: आमच्या वाड्यावरून रस्ता रुंद होणार हे मला कळलं, ते मोजणीवाल्यांनी भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, खुंट्या ठोकल्यावर. पंचायतीत गेलो. नोटीस लावलेली होती म्हणे! काचेच्या पेटीत, वीजबंदीच्या कागदाखाली. नकाशाची झेरॉक्स इतकी फिकट की सर्व्हे नंबरातला ३ की ८ तेच कळेना. माहिती हक्काखाली अर्ज केला, महिनाभर थांबलो. हातात आली ती मंजूर झालेली फाईल. वरातीमागून घोडं.

गोव्याने माहिती हक्काचा कायदा १९९७ मध्येच केला, केंद्राच्या आठ वर्षं आधी. आणि २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित सगळी माहिती सरकारने आपणहून द्यावी. मागितल्यावर नव्हे.

साइटवरचा: मी रस्त्याच्या कामांवर वीस वर्षं काढली. आखणी आधी फुटली की आठ दिवसांत दलाल गावात हजर. जमिनी हात बदलतात, भाव चढतात, मूळ मालक बसतो बोंबलत. आणि सुनावणीत बोलतं कोण? तीच दहा तोंडं. सगळ्यांना विचारत बसलं की काम रखडतं. जुन्या जुवारी पुलावर तासन् तास अडकलो होतो, ते विसरलात?

पेडणेकर१२: दलालाला आजही आधीच कळतं हो. कळत नाही ते फक्त एक-चौदाच्या जमीन-उताऱ्यावर नाव असलेल्याला.

कुळागरवाला: साइटवरचे बाब, घाईने वेळ वाचतो हे कुणी सांगितलं? कॅसलरॉक ते कुळे रेल्वेचं दुपदरीकरण बघा. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्गच नाहीत, म्हणून जनसुनावणीचा प्रश्नच नव्हता. लोक रस्त्यावर आले, प्रकरण कोर्टात गेलं आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी रद्द केली. आधी विचारलं असतं तर एवढी वर्षं गेली असती?

साइटवरचा: ते मोलेचं अभयारण्य होतं. गावच्या रस्त्याला तोच न्याय लावू नका. बाकी मोलेबाबत तुमचं म्हणणं मान्य, थोडंसं.

सत्तरीची_सून: सुनावणी झाली तरी काय हो? पर्यावरणाचा जाडजूड अहवाल इंग्रजीत, स्थानिक भाषेत फक्त सारांश. माझ्या सासूबाई मराठी पेपर मरणाच्या जाहिरातींसकट वाचतात. त्यांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, जाणार की राहणार हे त्या सारांशात नसतं, मागच्या तक्त्यात असतं. सर्व्हे नंबरांची यादी तरी मराठी-कोकणीत द्या, निविदेच्या आधी.

साइटवरचा: यादीला माझी हरकत नाही. लोकांनी म्हणणं मांडायची मुदत मात्र पंधरा दिवसच. वर एक दिवस नाही.

पेडणेकर१२: चालेल. फक्त ते पंधरा दिवस गणेश चवथीचे नकोत. मागची नोटीस नेमकी तेव्हाच लागली होती.