जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: कुठून घ्यायचं, कसं शिकायचं?

रामबागकर (इंदूर): बाबांच्या लॅपटॉपला 4 जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 11 या मशीनवर चढत नाही. बाबांना बँकेची कामं, मंडळाची मराठी पत्रं आणि यूट्यूब एवढंच लागतं. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) जेल रोडच्या दुकानातून टाकून घ्यावं, की घरी जमेल? आणि शिकायचं कुठून?

टर्मिनलवाला: घरीच जमेल, पैसे देऊ नका. लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी मिंट हा एक; त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची पूर्ण सिस्टिम एकाच फाइलमध्ये, साधारण 3 जीबीची असते. मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल या कमांडने तिचा एसएचए-256 आकडा (फाइलची ओळखखूण) काढून साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. डाउनलोड अर्धवट झालं असेल तर आकडा जुळत नाही, आणि तशी फाइल इन्स्टॉल होता होता मध्येच अडकते.

8 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागेल. आयएसओ त्यावर नुसती कॉपी केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होणार नाही. रूफस किंवा एचर या प्रोग्रामनेच लिहावी लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मग लॅपटॉप चालू करताना बूट मेनू (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) उघडा: डेल, लेनोव्होत बहुतेक एफ12, एचपीत एफ9. आधी इन्स्टॉल न करता तसंच चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेस तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा; इन्स्टॉल झाल्यावर त्याच नेटवर ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्राम) घ्या.

दांडेकर_मालवा: इन्स्टॉल करण्याआधी बाबांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडलंत की काहीच उरत नाही. विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, त्यावर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. आणि हिशेबाचं टॅली वापरात असेल तर विंडोज ठेवाच. ते लिनक्सवर थेट चालत नाही.

सौ. गोडबोले: शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. लिनक्स आणि लिब्रेऑफिस (पत्रं लिहायचा फुकट प्रोग्राम) दोन्हींचे धडे मराठीत, फुकट आहेत. स्क्रीन जुन्या आवृत्तीची दिसेल, त्याने बिघडत नाही. धडा बघताना शेजारी लॅपटॉप उघडा ठेवून प्रत्येक पायरी करूनच पुढे जा. नुसतं बघून हाताला वळण लागत नाही. बाबांना एक आधीच सांगा: टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं वाटतं, पण अक्षरं जात असतात. टाइप करून एंटर दाबायचं.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये 'लेआउट' उघडून वरची 'सिस्टिम डीफॉल्ट'ची खूण काढा, मग भारतीय यादीतून मराठी निवडा.

रामबागकर: मंडळाची जुनी पत्रं शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. ती उघडतील का?

सौ. गोडबोले: फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. विंडोज पुसण्याआधी त्याच्या फॉन्ट्स फोल्डरमधून शिवाजीची टीटीएफ फाइल कॉपी करून ठेवा. मिंटमध्ये तिच्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल करा. नवी पत्रं मात्र युनिकोडमध्येच (वर सांगितलेल्या मराठी कीबोर्डने) लिहा, म्हणजे ती मोबाइलवरही नीट दिसतील.