बाल्कनीखालचं पॅचवर्क निसटतंय: एसबीआर की इपॉक्सी?

चौथा मजला
इमारत ३५ वर्षांची, खाडीजवळची. बाल्कनी स्लॅबचा खालचा भाग गेल्या वर्षी दुरुस्त झाला. एसबीआरची (सिमेंटमध्ये मिसळायचं दुधाळ रबरी लॅटेक्स) स्लरी सकाळी सगळ्या बाल्कन्यांना एकदम मारली आणि पॉलिमर मॉर्टर (एसबीआर घातलेला सिमेंट-वाळूचा माल) दुपारनंतर भरलं. आता हातोडीने ठोकलं की बद्द आवाज येतो, दोन ठिकाणी पोपडे पडलेत. कंत्राटदार म्हणतो, या वेळी इपॉक्सी बाँडिंग एजंट (जुन्या थराला नवा चिकटवणारं रेझिन) वापरू. खर्च बराच वाढतो. केमिकल बदलून भागेल का?

थापी ओळंबा
आधी पडलेल्या पोपड्याची पाठ बघा. ती गुळगुळीत, दुधाळ असेल तर स्लरी वाळल्यावर मॉर्टर चढवलंय. वाळलेला लॅटेक्सचा पापुद्रा चिकटवत नाही, उलट दोन थर वेगळे ठेवतो. पाठीला जुनं काँक्रीट चिकटून आलं असेल तर मूळ पृष्ठभागच कमकुवत होता, किंवा जड ब्रेकरने तो आतून तडकला. आणि गंज दिसला तर सळईमागचं खराब काँक्रीट तसंच राहिलंय. तुमच्या वर्णनावरून पहिलं कारण वाटतं.

एसबीआरनेच काम होईल, पण क्रम पाळा. भुसभुशीत भाग छिन्नीने काढा, वायर ब्रश मारा, धूळ धुऊन टाका. आदल्या रात्रीपासून पृष्ठभाग भिजवा. भरताना तो आतून ओला हवा, वर पाणी चकाकता कामा नये. स्लरीला १ भाग एसबीआर, १ भाग पाणी आणि साधारण ३ भाग सिमेंट (डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच धरा). ताठ ब्रशने घासून लावा आणि ओली असतानाच मॉर्टर दाबून भरा. एका वेळी १०-१५ मिनिटांत भरून होईल तेवढ्याच जागेला स्लरी. वाळलीच तर खरवडून पुन्हा. वरून आणखी एक हात मारून चालत नाही.

मॉर्टर १:३ (सिमेंट:वाळू), सिमेंटच्या ५० किलो गोणीला ५ ते १० किलो एसबीआर. छताला एका थरात १०-१५ मिमीच.

स्ट्रक्चर डेस्क
इपॉक्सी खरी कामाची कुठे? कॉलम जॅकेटिंगसारख्या (जुन्या खांबाभोवती काँक्रीटचा नवा थर), जुन्यावर नवं काँक्रीट ओतायच्या जागी. पृष्ठभाग कोरडा लागतो, ओलाव्यावर साधे ग्रेड धरत नाहीत. रेझिन आणि हार्डनर हे इपॉक्सीचे दोन भाग पूर्ण पॅक मिसळा, अंदाजाने अर्धा करू नका. काँक्रीट चिकट असतानाच पडायला हवं, आणि उन्हाळ्यात हा वेळ झपाट्याने घटतो.

चौथा मजला
सळईच्या मागचं काँक्रीट काढलं तर स्लॅब कमकुवत होईल, असं कंत्राटदार म्हणतो.

स्ट्रक्चर डेस्क
म्हणून आधी टेकू लावायचे, तेही खालच्या मजल्यांपर्यंत भार पोचेल असे. गंजलेल्या सळईमागे २०-२५ मिमी मोकळं करावंच लागतं, नाहीतर गंज मागून पुन्हा मॉर्टर ढकलतो. बाल्कनी कँटिलिव्हर (एकाच बाजूला आधार असलेली) असेल तर मुख्य सळया वरच्या बाजूला असतात. तेव्हा फरशीखालचे तडे आणि वॉटरप्रूफिंग इंजिनिअरकडून तपासल्याशिवाय खालचं काम सुरू करू नका. सळईचा व्यास बराच घटला असेल तर जोडसळई किती, हेही तोच ठरवेल.

थापी ओळंबा
करारात पुल-ऑफ चाचणी (चकती चिकटवून थर ओढून बघायची) लिहून घ्या. ५० मिमीची चकती, किमान १.५ एमपीए, म्हणजे साधारण ३०० किलोची ओढ. तुटताना सांधा सुटला की काँक्रीट, याचीही नोंद मागा.