सोसायटीचा कॅमेरा : डीएसएलआर की छोटा?

ए-३०२ : सेक्रेटरी साहेब राग मानू नका, पण काल परत गेल्या वर्षीचे गणपतीचे फोटो उघडले. माझी लेक चार मिनिटं लावणी नाचली, ३८ फोटो, आणि एकात चेहरा दिसेल तर शपथ. मागची समई स्पष्ट, पोरगी म्हणजे हिरवा धूर. यंदा तरी नीट कॅमेरा घ्या.

सेक्रेटरी : ताई, सांस्कृतिक निधीतून ३० हजार मंजूर आहेत. डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) की छोटा कॉम्पॅक्ट, सर्वांनी मत द्यावे ही विनंती 🙏

बी-१०४ : डीएसएलआर. विषय संपला.

सी-५०१ : पण कॅमेरा राहणार कुणाकडे?

ए-२०१ : काका तुमचा संपला, आमचा नाही. छोटा खिशात बसतो, कुणीही बटण दाबेल. डीएसएलआर तुमच्याशिवाय कुणाला येत नाही आणि तुम्ही विसर्जनाला ढोलापाशी, मग आरतीचे फोटो कोण काढणार

बी-१०४ : मी हौसेने पुढे जातो का? ट्रॅफिक कोण सांभाळतं ते बघा जरा.

ए-४०४ : ढोलावरून आठवलं, चौथ्या मजल्यावर मोदक पोचलेच नव्हते 😀

बी-२०३ : मी सांगू का. मुद्दा उजेडाचा आहे. हॉलमध्ये चार ट्यूबलाइट. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, करंगळीच्या नखाएवढा, साधारण ६ बाय ४.५ मिमी. डीएसएलआरचा २२ बाय १५, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास १२ पट. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात पोरं हलतात, झाला धूर.

ए-३०२ : म्हणजे डीएसएलआर घेतला की झालं ना?

बी-२०३ : नाही काकू, तिथेच लोक फसतात. सोबत येणारी १८-५५ मिमी झूम लेन्स ५५ ला नेली की एफ ५.६ (हा आकडा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान), त्यात उजेड कमीच येतो. वेगळी ५० मिमी एफ १.८ घ्यायची, जवळजवळ १० पट उजेड. जिथे शटर १/२० सेकंद मिळत होतं तिथे १/२०० मिळेल. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सेकंडहँड चालेल, कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसवर (डीएसएलआरसारखेच, पण आत आरसा नसलेले कॅमेरे) आहे.

ए-२०१ : पन्नासला झूम नाही. स्टेजवरची १५ मुलं बसणार कशी?

बी-२०३ : मागे सरकून. ग्रुप फोटोला १८-५५ लावायची.

ए-२०१ : म्हणजे कार्यक्रम चालू असताना लेन्स बदलत बसायचं. म्हणूनच म्हणते छोटा घ्या.

सी-५०१ : पण राहणार कुणाकडे?

ए-४०४ : आणि मोदक? 😀

बी-१०४ : ५०१, तिसऱ्यांदा तेच विचारलंत तर मी ग्रुप सोडतो.

सी-५०१ : सोडा, पण आधी ऐका. जुना कॅमेरा ऑफिसच्या कपाटात दोन पावसाळे रेक्झिनच्या बॅगेत पडून होता. मी मागच्या महिन्यात काढला, लेन्समधून टॉर्च मारला, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. चावी तेव्हा कुणाकडे होती ते मी विचारत नाही. पण ३० हजारांचं परत तेच व्हायचं असेल तर काहीच घेऊ नका.

सेक्रेटरी : हे आधी का नाही सांगितलंत?

सी-५०१ : सकाळपासून दुसरं काय विचारतोय मी?

बी-१०४ : बरं. माझ्याकडे ठेवतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, दर रविवारी बाहेर काढून पाचपंचवीस फोटो. पण नेणाऱ्याने वहीत सही करायची, आणि कॅमेरा बी-२०३ ला शिकवीन म्हणजे मी ढोलापाशी असलो तरी चालेल.

ए-२०१ : वहीत सही असेल तर माझी हरकत नाही. पण माझ्या बहिणीचा छोटा कॅमेरा आणते, आधी शेजारी ठेवून बघा.

बी-२०३ : मित्राचा डीएसएलआर आणतो, ५० सकट. शनिवारी रात्री ८ ला हॉलमध्ये, फक्त ट्यूबलाइटवर.

ए-३०२ : लेक येईल. नऊवारी नेसवूनच आणते, म्हणजे नीट कळेल.