'सर्वंकष युद्ध' आणि त्याचा शेवट: नेमके शब्द कोणते?

पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'टोटल वॉर'ला, म्हणजे नुसतं सैन्य नाही तर अख्खा देश ज्यात जुंपला जातो त्या युद्धाला, संपूर्ण युद्ध म्हणावं, समग्र म्हणावं की सर्वंकष? 'सर्वंकष' म्हटलं की डोळ्यांपुढे चौकशी समिती आणि विकास आराखडाच येतो. दुसरं म्हणजे, नोव्हेंबर १९१८ मध्ये जे झालं त्याला 'तह' म्हटलं तर चालेल का?

---

'संपूर्ण' नको. मग अर्धवट युद्ध कुठलं, असं कुणीतरी विचारणारच.

---

'सर्वंकष'च घ्या. सरकारी फायलींनी त्याची धार घालवली, तो शब्दाचा दोष नाही. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे, खरवडणे, 'निकष' त्यातलाच. काठ खरवडत जाणारी नदी ती कूलंकषा, आणि सगळंच खरवडून नेणारं ते सर्वंकष. 'समग्र'मध्ये नुसता विस्तार आहे, झीज नाही.

तुमच्या जर्मनीत तर हे खरवडणं थेट ताटापर्यंत पोचलं होतं. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने धान्य आणि खत अडलं, माणसं आणि घोडे आघाडीवर गेले, त्यात १९१६ साली बटाट्याचं पीक बुडालं. एरवी गुरांपुढे टाकायचं ते सलगम माणसं खाऊ लागली: भाजीत सलगम, पावात सलगम, मुरंब्यातही सलगम. त्या हिवाळ्याचं नावच 'सलगमांचा हिवाळा' पडलं. त्याच डिसेंबरात कायदा आला, की १७ ते ६० वयाचा जो पुरुष सैन्यात नाही त्याने युद्धोपयोगी काम केलंच पाहिजे. दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आधीच लागल्या होत्या. सैनिक कोण आणि रयत कोण, ही रेघच पुसली गेली. १९३५ साली लुडेनडॉर्फ या जर्मन सेनानीने या कल्पनेवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्याआधी पहिल्या महायुद्धात त्याने ती स्वतः राबवून पाहिली होती.

---

'रेशन'ही त्यातलंच की! मुंबईत धान्याचं रेशनिंग १९४३ साली आलं, जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला होता. लढाई आपल्या दारात नव्हती तरी कार्ड घरोघरी आलं आणि युद्ध संपल्यावरही राहिलं. 'शिधापत्रिका' हा शब्द कार्डावर छापलेला असतो, तोंडात मात्र रेशनच.

---

आता तहाबद्दल. नोव्हेंबर १९१८ ला 'तह' म्हणू नका. ११ तारखेला झाली ती शस्त्रसंधी, म्हणजे लढाई थांबवण्याचा करार. तह म्हणजे युद्ध कायमचं मिटवणारा करार, तो व्हर्सायचा, २८ जून १९१९ चा. मधल्या काळात नाकेबंदी उठलेली नव्हती. ती पुरती उठायला जुलै १९१९ उजाडला. तोफा थांबल्या तरी उपास चालूच होते, त्यामुळे लेखात हे दोन शब्द वेगळे ठेवणं भागच आहे.

शिवाय आपल्याकडे तह म्हटलं की पुरंदर, सालबाई आठवतात. अमुक किल्ले द्या, तमुक मुलूख घ्या, आणि समोरचा दरबार शाबूत. सर्वंकष युद्धात असा सौदा फार अवघड होऊन बसतो. लोकांना उपाशी ठेवून, घरटी माणूस मागून चार किल्ल्यांवर समेट केला, तर सरकारने त्यांना सांगायचं काय? म्हणून शेवटपर्यंत ओढत न्यायचं आणि मग आतूनच बांध फुटायचा. जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनच्या कारखान्यांत संप, नोव्हेंबरात कील बंदरातल्या नौदलाच्या खलाशांचं बंड, ९ तारखेला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची गच्छंती, दोन दिवसांनी शस्त्रसंधी.

त्या दिवशी जर्मन फौजा पश्चिमेला अजून परक्या भूमीवर उभ्या होत्या. त्यातूनच 'आम्ही हरलोच नाही, आमच्या पाठीत खंजीर खुपसला' ही थाप जन्मली. मराठी राजकारणाला या वाक्प्रचाराची ओळख करून द्यायला नको, पण जर्मनीत त्याची किंमत फार मोठी पडली. पुन्हा अशा थापेला जागाच उरू नये, हे दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये, कासाब्लांकाच्या बैठकीत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'बिनशर्त शरणागती' मागण्यामागचं एक कारण होतं. पुढच्याच महिन्यात, स्टालिनग्राड हातचं गेल्यावर, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने भर सभेत विचारलं, "तुम्हाला सर्वंकष युद्ध हवंय का?" सभा ओरडली, हो. सभेतली माणसं निवडून आणलेली होती, हेही लिहा.

---

'युद्धबंदी' हा शब्द शक्यतो टाळा. 'दारूबंदी'सारखा वाचला तर लढाई थांबली, 'राजबंदी'सारखा वाचला तर पकडलेला सैनिक. "युद्धबंदीनंतर युद्धबंदी परतले" असं वाक्य व्याकरणात बसतं, वाचकाला मात्र घाम फुटतो. थांबण्याला युद्धविराम, माणसाला युद्धकैदी.

---

शेवटाला काय म्हणायचं हे हरणाराही ठरवतो. १५ ऑगस्ट १९४५ च्या रेडिओ भाषणात जपानच्या सम्राटाने 'शरणागती' हा शब्द उच्चारला नाही. तिथे आजही त्या दिवसाला 'शूसेन' म्हणजे युद्धसमाप्ती म्हणतात. 'हाईसेन' म्हणजे पराभव, हा शब्द आहे, पण दिनविशेषात तो नाही. भारताने तर दोस्त राष्ट्रांनी जपानशी केलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर सही केलीच नाही, ९ जून १९५२ ला जपानशी वेगळा तह केला.

---

सर्वांचे आभार. 'सर्वंकष' आणि 'शस्त्रसंधी' पक्के. 'होम फ्रंट'ला, म्हणजे युद्धाला जुंपलेल्या घरच्या जनतेला, 'पिछाडी' चालेल?

---

नाही. पिछाडी म्हणजे फौजेच्या मागची बाजू, आणि इथे मागची बाजूच लढाईत ओढली गेली आहे. 'देशांतर्गत आघाडी' वर्तमानपत्री वाटेल, पण कळेल. तोच ठेवा.