दाण्याचा आकार हाच निवडीचा पहिला निकष असावा का?

पाभर: धान्यपिकांच्या पैदाशीत आजवर एका ओंबीत किती दाणे भरतात याकडेच जास्त लक्ष गेलं. माझं ठाम मत आहे की निवड दाण्याच्या आकारापासून सुरू व्हावी. उगवल्यावर पहिले काही दिवस रोप दाण्यातल्या शिदोरीवरच जगतं. शिदोरी भरपूर असेल तर पहिलं पान रुंद येतं, मुळं लवकर खोल जातात आणि तण डोकं काढायच्या आत जमीन झाकली जाते. मी एकाच वाणाचा गहू चाळून टपोरे आणि बारीक दाणे वेगळे केले आणि दोन ट्रेमध्ये ८ सेंमी खोल पेरले. टपोऱ्यांची ओळ दाट उगवली. बारीक दाण्यांत ठिकठिकाणी खाडे पडले. तिथली माती उकरली तर पान मातीखालीच फुटलेलं, पिवळं, घड्या पडून अडकलेलं!

चाळण: असहमत. एकाच वाणात दाणा लहान-मोठा होतो तो ओंबीतल्या जागेमुळे आणि पोषणामुळे. तुमच्या प्रयोगातून बियाणं चाळून पेरावं एवढं कळतं, पैदाशीबद्दल काही कळत नाही. घडी पडलेल्या पानाचं खरं कारण कोंबावरचं आवरण, म्हणजे कोलिओप्टाइल, आखूड असणं. दाणा बारीक असला की ते आणखी आखूड होतं, हे मान्य. पण मूळ दोष बुटकेपणाच्या जनुकांचा आहे. जपानच्या नोरिन १० गव्हातून ती आली, गहू-पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतल्या वाणांमधून जगभर पसरली. काड आखूड झाल्यामुळे पीक लोळायचं थांबलं, पण ही जनुकं जिबरेलिनला, म्हणजे रोपाची उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देत नाहीत म्हणून कोलिओप्टाइलही आखडलं. आरएचटी१८ हे दुसरं जनुक काड आखूड ठेवतं आणि कोलिओप्टाइलला धक्का लावत नाही. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ लांब कोलिओप्टाइलच्या गव्हावर काम करतात ते याचसाठी: वरची माती कोरडी, ओल खाली, म्हणून पेरणी खोल. दाण्याचा आकार तोच ठेवूनही हे साधतं.

ओंबी: मला हिशोबाची काळजी वाटते. चौरस मीटरला २०० रोपं हवी असतील तर हेक्टरी २० लाख दाणे लागतात. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम असेल तर ८० किलो बियाणं, ५० ग्रॅम असेल तर १०० किलो. उगवण पूर्ण धरूनसुद्धा! शिवाय मोठा दाणा भरायला रोपाची ताकद जास्त लागते. दाणा भरताना ऊन तापलं तर तोही सुरकुततो. आकार वाढवला की संख्या घटते, हे पैदासकारांचं जुनं दुखणं आहे.

पाभर: दुखणं खरं, पण त्यावर इलाज नाही असं नाही. भातात जीडब्ल्यू२ हे जनुक २००७ मध्ये सापडलं. ते निकामी झालं की दाणा रुंद आणि जड होतो. त्या प्रयोगात लोंबीतले दाणे कमी झाले, तरी दर रोपाचं उत्पादन वाढलं.

मुळाक्षर: पाभर यांच्या बाजूने एक उदाहरण. कर्न्झा हे बहुवर्षायू धान्य अमेरिकेत कॅन्सासमधली लँड इन्स्टिट्यूट गवतापासून घडवते आहे. त्याचा दाणा गव्हाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा. तिथे आकार वाढवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. गव्हाला मात्र हाच नियम लावू नये. सातू (जव) सुरुवातीला गव्हाच्या पुढे धावतो त्यात त्याच्या मोठ्या भ्रूणाचा वाटा आहे. नुसती पिठाची पिशवी फुगवून काय उपयोग? आतला गर्भ मोठा हवा.

पाभर: भ्रूणाचा मुद्दा पटला, तो मी सोडूनच दिला होता. चाळण, आता जुना उंच वाण आणि बुटका वाण, दोन्हींचे सारख्या वजनाचे दाणे घेऊन पुन्हा पेरतो. पण आकाराचा आग्रह सोडलेला नाही.

चाळण: जरूर पेरा. खोली १२ सेंमी ठेवा, म्हणजे फरक उघड दिसेल. आणि या वेळी दाणे एकेक तोलून घ्या. चाळणी जाडी मोजते, वजन मोजत नाही.